घरप्रपंच : सवलतीतला रिसीव्हर घ्यावा काय?



दिवाळीच्या आधी एका रविवारी माझा भाचा घरी आला. हातात मोबाईल, त्यात एका काळ्या पेटीवजा यंत्राचा फोटो. म्हणाला, "मावशी, ५२ हजारांचा होम थिएटरचा रिसीव्हर आहे. दुकानदार २९,९९० ला द्यायला तयार आहे, पण शनिवारपर्यंतच. आबांसाठी घ्यायचा म्हणतोय. तुझे काय मत?"

भाचा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आहे. पगार बेताचा, पण मुलगा हात राखून खर्च करणारा. घरात आमची अक्का, दाजी, तो, सूनबाई आणि यंदा अकरावीला सायन्सला गेलेली नात. जागा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली, २२५ चौरस फुटांची, सातव्या मजल्यावर. त्याने "माझ्यासाठी घेतो" म्हटले असते, तर मी त्याला चहा पाजून, दोन शब्द सुनावून परत पाठवले असते. पण "आबांसाठी" म्हटल्यावर मला तसे करता येईना.

दाजींनी ३१ वर्षे एका वर्कशॉपात रिव्हेट मारण्याचे काम केले. त्या काळी कानात कापसाचा बोळा घातला तरी सोबतचे लोक हसत. आज सत्तरी ओलांडलेल्या दाजींना टीव्हीवरच्या बातम्या कळत नाहीत. मग ते आवाज वाढवतात. नात पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसते. शेजारीण दार वाजवते. दाजी चिडून टीव्ही बंद करतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. अक्का मला म्हणाली, "हल्ली ते आमच्यात बसतच नाहीत गं." तेव्हा हा विषय चैनीचा आहे असे म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता.

रिसीव्हर म्हणजे काय हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हते. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी यांच्या वायरी या पेटीत येतात. ती त्यातला आवाज वेगवेगळ्या वाटांनी फोडते, वाढवते आणि त्या त्या स्पीकरकडे पाठवते. ५.१ असे लिहिलेले असते ना, त्याचा अर्थ पाच स्पीकर आणि एक धमक देणारा सब-वूफर. १९९२ साली चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आले, त्याची ही मांडणी पुढे घरात आली. पाचांतला मधला स्पीकर टीव्हीच्या खाली ठेवतात आणि माणसांचे बोलणे मुख्यतः त्यातूनच येते. रिसीव्हरवर त्या एकट्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा जास्त ठेवता येतो. मालिका आणि बातम्या बहुतेक दोनच वाटांच्या आवाजात येतात, तरी त्यातूनही मधले बोलणे वेगळे काढून त्या स्पीकरकडे वळवण्याची सोय रिसीव्हरमध्ये असते. उलट हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा पाठीकडे तोंड करून बसवलेले असतात, आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. म्हणून भाच्याचे डोके चुकीचे चालले होते असे नाही.

मात्र एक गोष्ट त्याने घरात कुणाला सांगितली नव्हती. रिसीव्हरला स्वतःचा आवाज नसतो. स्पीकर वेगळे घ्यावे लागतात!

शनिवारची वाट न पाहता बुधवारी आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले, तरी रेडिओपासून संगणकापर्यंतचे सुटे भाग घेणारे सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. मी भाच्याला बजावले होते, पहिल्या दुकानात पाकीट काढायचे नाही. आणखी दोन दुकानांत त्याच मॉडेलची किंमत विचारली. दोन्हीकडे ३३ हजारांच्या आसपास निघाली. म्हणजे ५२ हजारांना तो कुणीच विकत नव्हता! खोक्यावर छापलेली असते ती कमाल किंमत. त्याहून जास्त घेता येत नाही एवढाच तिचा अर्थ. सवलत त्या आकड्यावरून मोजायची नसते, बाजारात वस्तू खरोखर कितीला मिळते त्यावरून मोजायची असते. भाच्याच्या हिशेबात २२ हजार वाचत होते, प्रत्यक्षात वाचत होते तीन.

एका गाळ्यात तसाच सेट २२ हजारांना होता. भाच्याचे डोळे चमकले. मी पेटी उलटी करायला लावली. मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिले होते. तो अमेरिकेतल्या विजेसाठी केलेला माल. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. सरळ प्लग लावला असता तर पहिल्याच दिवशी धूर निघाला असता. वेगळा ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण इथे त्याची वॉरंटी कंपनी मानत नाही. मागची पाटी वाचल्याशिवाय असला माल घेऊ नका.

आता पहिल्या दुकानदाराबद्दल खरे तेच सांगते. तो फसवत नव्हता. नवे मॉडेल आले की दुकानदाराला जुने खपवावे लागते, आणि मागल्या वर्षीचा रिसीव्हर काही भाजीसारखा नासत नाही. आवाज वाढवण्याची विद्या फारशी बदललेली नाही. दहा वर्षांपूर्वीचा चांगला सेट आजही चांगलाच वाजतो. जुनी होतात ती मागची वायर जोडायची भोके. त्यांना एचडीएमआय म्हणतात. त्यातल्या एकावर एआरसी असे लिहिलेले असले, तर टीव्हीचा आवाज त्याच वायरीने रिसीव्हरकडे परत येतो. ही सोय २००९ साली आली. तिची सुधारलेली जात, ई-एआरसी, २०१७ ची. आपल्या टीव्हीवरच्या बातम्या, मालिका आणि ५.१ चे सिनेमे यांना साधी एआरसी पुरते. सेट फारच जुना असेल तर ४के चित्र त्याच्यातून पुढे जात नाही, पण तेव्हा चित्राची वायर सरळ टीव्हीला लावायची आणि रिसीव्हरकडे फक्त आवाज आणायचा. या बाबतीत भाच्याने निवडलेला सेट चालण्यासारखा होता.

खोक्यावर १४० वॅट असे ठळक छापले होते. माहितीपुस्तक मागितले तर बारीक अक्षरांत लिहिलेले, की हा आकडा एकच स्पीकर चालू असताना, एकाच सुरावर आणि आवाज दहा टक्के फाटू दिला तर मिळतो. दोन स्पीकर नीट वाजवले तर ७०. तरी हे सुद्धा त्या खोलीला जास्तच होते. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत वीस वॅटसुद्धा पुरे.

मग कागद घेतला. रिसीव्हर २९,९९०. पाच स्पीकर आणि सब-वूफर यांचा साधा संच २४ हजार. वायर, ब्रॅकेट आणि भिंतीला भोके पाडणारा माणूस मिळून तीन हजार. एकूण ५६,९९०. नातीच्या क्लासचा दुसरा हप्ता जानेवारीत होता. भाचा म्हणाला, नो-कॉस्ट हप्त्यांवर घेतो. त्यातही गंमत अशी, की व्याज असतेच, ते आधी सवलत म्हणून वजा केलेले दाखवतात. प्रक्रियेचे पैसे आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो. शिवाय रोखीने घेतले असते तर तीच सवलत आपल्याला मिळाली असती, ती जाते. विचारून बघा, पुष्कळ दुकानदार देतात.

जागेचा विचार पुरुष मंडळी करीत नाहीत, तो मी केला. रिसीव्हर चांगलाच तापतो, त्याच्या डोक्यावर मोकळी हवा लागते. अक्काच्या काचेच्या शोकेसमध्ये तो कोंडला असता. मागचे दोन स्पीकर दाजींच्या खाटेच्या वर आले असते. आणि सब-वूफरचा घुमणारा आवाज भिंत व स्लॅब ओलांडून जातो, त्याला दार लावून अडवता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण शेजारीण काही नियम वाचून दार वाजवत नाही. तिचे लहान मूल झोपलेले असते.

तरीही माझे मन होय-नाही करीत होते. दाजी पुन्हा माणसांत बसणार असतील तर ५७ हजार गेले तरी जाऊ देत, असेही वाटे. म्हणून गुरुवारी अक्काकडे गेले. टीव्ही बंद केला, नातीला दाजींच्या समोर बसवले आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलायला सांगितले. ती म्हणाली, "आबा, सकाळी शेजारच्या काकू फुलं देऊन गेल्या." दाजी म्हणाले, "कोण मुलं घेऊन गेलं?" मग स्वतःच म्हणाले, "आवाज येतो गं पोरी, शब्द कळत नाही."

शब्द कळत नाही! सारे तिथेच आहे. वर्षानुवर्षे मोठा आवाज सोसलेल्या कानाची बारीक, उंच सुरांची ताकद आधी जाते. स, श, फ, थ, क, ट ही व्यंजने त्या उंच सुरांतच असतात. स्वर ऐकू येतात, त्यामुळे कुणीतरी बोलते आहे हे समजते, पण काय बोलते ते समजत नाही. असा माणूस आवाज वाढवतो तेव्हा ऐकू येणारे स्वर आणखी मोठे होतात, गेलेली व्यंजने काही परत येत नाहीत. मधल्या स्पीकरने थोडा फरक पडला असता. पण तो टीव्हीपुरता. टीव्ही दिवसाचे दोन तास, आणि नातीचे बोलणे, अक्काची हाक, दारावरची घंटा, रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न?

भाच्याला मी जिन्यात नेऊन हे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, मला वाटलं आबा मुद्दाम लक्ष देत नाहीत."

पुढच्या मंगळवारी वांद्र्याला रेक्लमेशनजवळच्या अली यावर जंग संस्थेत गेलो. वाणी आणि श्रवण यांच्यासाठीची ही राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. बंद खोलीत कानावर हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचे, अशी चाचणी असते. तिला ऑडिओमेट्री म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही. दोन्ही कानांचा आलेख उंच सुरांकडे घसरत गेलेला निघाला. यंत्र लावून फायदा होईल असे तिथल्या बाईंनी सांगितले. मुंबईबाहेरच्यांनी जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून यंत्र फुकट किंवा कमी पैशांत मिळते. दिव्यांगत्वाचा आणि उत्पन्नाचा असे दोन दाखले लागतात. ते काढायला वेळ जातो, म्हणून आधीच सुरुवात करावी.

दाजी मात्र बसमध्ये तोंड फिरवून बसले होते. "मी काय बहिरा आहे? यंत्र लावलं की लोक बघतात." अक्का काही बोलली नाही. नात म्हणाली, "आबा, मी चौथीपासून चष्मा लावते, माझ्याकडे कोण बघतं?" दाजींनी तिच्याकडे बघितले. उत्तर दिले नाही, पण नकोही म्हटले नाही.

यंत्र येईपर्यंत काय, तर त्याच संध्याकाळी भाच्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये बोलणे स्पष्ट करणारी सोय शोधून चालू केली आणि दाजींसाठी टीव्हीला एक हेडफोन लावून दिला. खर्च फक्त हेडफोनचा. आता आवाज ते स्वतःपुरता ठेवतात, आणि नात आतच बसून अभ्यास करते.

म्हणजे सवलतीतला रिसीव्हर कुणी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्याकडे चांगले स्पीकर आधीच आहेत, जुना सेट बिघडला आहे, खोली मोठी आहे आणि पैसे हातात आहेत, त्यांनी मागल्या वर्षीचे मॉडेल खुशाल घ्यावे. नव्यासाठी जास्त पैसे देणे हीच उलट उधळपट्टी. गाणे ऐकण्याची आवड असणे हा काही गुन्हा नव्हे. फक्त बिल पक्के घ्या, त्यावर मॉडेल व क्रमांक लिहून घ्या, आणि वॉरंटी कंपनीची की दुकानदाराची हे विचारा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५.

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, त्या दुकानदाराचा फोन आला होता. शनिवार होऊन गेला तरी सेट तसाच पडलाय. आणखी दोन हजार कमी करतो म्हणतो."

मी विचारले, "दाजींच्या यंत्राची तारीख मिळाली का?"

"मिळाली. सोमवारी, साडेदहाला. आबांनी स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवलीय."