शहाणी ताई कोणाच्या सोयीची?

घरातल्या अपंग भावंडाबद्दल मुलांसाठी लिहिलेली गोष्ट बहुतेक वेळा त्या भावंडाची नसतेच. ती असते त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची. आधी ती चिडते, चारचौघांत तिला त्याची लाज वाटते, मग काहीतरी संकट येते आणि शेवटी ती शहाणी होते. या शहाणपणाचे आपण कौतुक करतो. मला विचारायचे आहे, हे शहाणपण कोणाच्या सोयीचे?

अमेरिकेत १९७१ साली न्यूबेरी पदक मिळवलेले बेट्सी बायर्स यांचे 'द समर ऑफ द स्वान्स' घ्या. चौदा वर्षांची सारा, आणि आजारपणात मेंदूला इजा झाल्याने न बोलणारा तिचा दहा वर्षांचा भाऊ चार्ली. आई वारलेली, वडील नोकरीसाठी दूर, घर आँट विली चालवते. चार्ली रात्री हरवतो. रानोमाळ शोधते ती सारा. सिंथिया लॉर्ड यांच्या 'रूल्स'मध्ये (२००६) बारा वर्षांची कॅथरीन आपल्या स्वमग्न भावासाठी नियम लिहून ठेवते. वडील कामावरून उशिरा येतात. दोन्ही लेखिकांनी मुलींचा राग लपवलेला नाही, कॅथरीन तर वडिलांना सुनावतेही. हे त्यांचे श्रेय. पण ही पुस्तके मुलांच्या हाती देताना आपण विचारतो ते एवढेच : 'यातून काय शिकलात?' उत्तर ठरलेले : माया, सहनशीलता. वडील कुठे होते, हे कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, मुलगेही सांभाळतात की! जरूर. जेनिफर चोल्डेन्को यांच्या 'अल कपोन डझ माय शर्ट्स'मध्ये (२००४) १९३५ सालच्या अल्काट्राझ बेटावर बारा वर्षांचा मूस थोरल्या नॅटलीला सांभाळतो. पण त्याचा बेसबॉलचा खेळ बुडाला की वाचणाऱ्याला तो अन्याय वाटतो. मुलीचा खेळ बुडाला तर? ते वळण लागणे! आणि नॅटलीकडे पाहा. सोळाव्या वर्षाला टेकलेल्या या मुलीचे वय आई वर्षानुवर्षे दहाच सांगते. अपंग मुलीने वाढायचेही नाही, आणि आपली गोष्ट सांगायची तर नाहीच.

मैत्रिणींनो, मी स्वतः अशा भावाची थोरली बहीण आहे. 'ताई आहे ना!' हे वाक्य ऐकत मी वाढले. शाळेची सहल असो, परीक्षा असो, ताई होतीच. मधला भाऊ मात्र क्रिकेट खेळायला मोकळा. पुढे माझ्या लग्नाच्या वेळी तोच धाकटा माझ्यातले वैगुण्य ठरला. पाहुणे यायचे म्हटले की त्याला शेजारच्या घरी पाठवत. म्हणजे सांभाळायला तो माझा, आणि स्थळ आले की तो नसलेलाच! माझे प्रेम आहे त्याच्यावर. पण प्रेमाच्या नावाखाली श्रम फुकट घेण्याची युक्ती आपण बायका चांगली ओळखतो.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व बहुविकलांग प्रौढांसाठीही कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. सरकारदरबारी 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. 'आईबापांमागे कोण?' याचे घराघरांतले उत्तर मात्र बदललेले नाही : ताई.

म्हणून मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे. अशी गोष्ट जरूर लिहा. पण तिच्यात बापाला लेकाला अंघोळ घालू द्या, मधल्या भावाला एखादी संध्याकाळ घरी बसू द्या. ताईला सहलीला जाऊ द्या, आणि परत आल्यावर तिला अपराधी वाटायला लावू नका. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीला स्वतः बोलू द्या. ती ताईबद्दल काय म्हणते ते आम्हाला ऐकायचे आहे. कदाचित तिलाही ताई चोवीस तास उशाशी बसलेली नकोच असेल.