नऊ विजय, पण पंगतीला बोलावणं नाही



एकही सामना न हरता घरी बसलेल्या एका संघाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. गोष्ट अमेरिकेतली, १९५१ सालची आहे. घरातल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना ती जरूर वाचून दाखवा.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा हा धसमुसळा खेळ. कॉलेजांचा हंगाम संपला की नववर्षाच्या सुमारास ‘बाऊल’ नावाचे मानाचे सामने होत. तिथे खेळायला नुसतं जिंकून भागत नसे, भरवणाऱ्या समितीचं निमंत्रण यावं लागे. निमंत्रणाबरोबर नाव होई आणि कॉलेजच्या तिजोरीत पैसाही येई.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही ख्रिस्ती धर्मगुरूंनी चालवलेली लहानशी संस्था. तिचा फुटबॉल संघ तोट्यात चालला होता. पण १९५१ साली प्रशिक्षक ज्यो कुहारिच यांच्या हाताखाली या पोरांनी कमाल केली. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ ने हरवलं. शेवटच्या सामन्यात लोयोलाला २०-२ ने धूळ चारली. नऊ सामने, नऊ विजय!

संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. ऑली मॅटसन टेक्सासमध्ये जन्मलेला, वाऱ्यासारखा पळणारा. त्या वर्षी चेंडू घेऊन सर्वांत जास्त अंतर धावणारा देशातला कॉलेज खेळाडू तोच होता. दुसरा बर्ल टोलर, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. प्रतिपक्षाला आडवं करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता बाऊलचं निमंत्रण येणार, अशी सगळ्यांना आशा होती. पण मोठे बाऊल सामने बहुतेक दक्षिणेकडच्या राज्यांत भरत. तिथे शाळा वेगळ्या, बसमध्ये बसायच्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. गोऱ्यांचे निराळे, काळ्यांचे निराळे, आणि तेही कायद्याने! आमच्या वाचकांना याहून अधिक समजावून सांगायला नको.

त्या संघातल्या खेळाडूंनी पुढे सांगितलेली हकिकत अशी : निमंत्रण मिळेल, पण त्या दोघांना मागे ठेवून या, असं त्यांना कळवण्यात आलं. म्हणजे पंगतीला सगळे या, फक्त ते दोघे बाहेर राहू द्या. संघाचं उत्तर एकच होतं : दोघे नाहीत तर आम्हीही नाही.

मॅटसन आणि टोलर यांच्या पदरी असा अपमान नेहमीचाच होता. पण बाकीच्यांचा विचार करून पाहा. त्यांच्यापुढे ताट वाढलेलं होतं. जिनो मार्केटी इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. अशा मुलांना ही संधी आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. ‘नियम आम्ही केलेले नाहीत, आम्ही काय करणार?’ असं म्हणून त्यांना जाता आलं असतं. कोणी बोट दाखवलं नसतं. तरीही ते गेले नाहीत.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्या हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉल संघच गुंडाळला. बाऊलचा पैसा आला असता तर संघ वाचला असता, असं पुढे बोललं गेलं. दक्षिणेची दारंही लगेच उघडली नाहीत. १९५६ च्या जानेवारीत बॉबी ग्रियर हा कृष्णवर्णीय खेळाडू शुगर बाऊलमध्ये उतरला. जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी त्याआधी केवढा थयथयाट केला होता!

मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये धावण्यात एक रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं. तो, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात पोचले. टोलरचा गुडघा १९५२ मध्येच जायबंदी झाला आणि व्यावसायिक खेळाडू होण्याचं स्वप्न मोडलं. पण तो खचला नाही. शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाला. १९६५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच होण्याचा मान त्यालाच मिळाला. १९८० च्या सुपर बाऊलमध्येही तो पंच होता. २००९ साली त्याचं निधन झालं.

तोंडाने हळहळणारे आपल्याला पुष्कळ भेटतात. ‘वाईट झालं हो’ म्हणतात आणि पंगतीला जाऊन बसतात. सॅन फ्रान्सिस्कोची ही गोरी पोरं पंगतीवरून उठली, म्हणून एवढ्या वर्षांनीही त्यांचं नाव घ्यावंसं वाटतं. आणि ज्यांच्यासाठी ती उठली, ते दोघे दयेवर संघात आलेले नव्हते. आपल्या कर्तबगारीने आले होते.

माता-पित्यांनो, आज रात्री जेवताना मुलांना एक प्रश्न विचारा : ‘तू त्या संघात असतास तर काय केलं असतंस?’ उत्तराची घाई करू नका. त्यांना विचार करू द्या.