बिअरचा पेला आणि मालकीचा प्रश्न

समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर बिअरची चर्चा पाहून काही जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठ्या चढतील, आणि त्या चढणे स्वाभाविकही आहे. ज्या चळवळीने गावोगाव गुत्त्यांसमोर निदर्शने केली, राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमाची आठवण एकामागून एक सरकारांना करून दिली, तिच्या पत्राने कोणती बिअर बरी आणि कोणती वाईट याचा खल करावा, हे विचित्र दिसते. परंतु प्रश्न पेयाच्या गुणावगुणांचा नाही. एखाद्या शहराने दीडशे वर्षे ‘आपला’ म्हणून मिरविलेला कारखाना काही आठवड्यांच्या वाटाघाटींत विकला जातो आणि त्या शहराला विचारण्याची गरजही कुणाला वाटत नाही, तेव्हा ‘आपला’ या शब्दाला काय अर्थ उरतो, हा प्रश्न आहे. तो कापडगिरणीला जितका लागू पडतो तितकाच बिअरच्या कारखान्यालाही.

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी सेंट लुईस हे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे जर्मन स्थलांतरितांची मोठी वस्ती झाली आणि त्यांच्याबरोबर बिअर गाळण्याची विद्याही आली. १८५२ मध्ये निघालेला एक लहानसा कारखाना १८६० मध्ये एबरहार्ड अनहॉयझर या साबणाच्या कारखानदाराकडे आला. त्याचा जावई अडॉल्फस बुश याने पाश्चरीकरण आणि बर्फाने थंड ठेवलेले रेल्वेचे डबे यांच्या बळावर ती बिअर देशभर पोहोचविली. ‘बडवायझर’ हे तिचे नाव १८७६ चे. १९२० ते १९३३ या राष्ट्रीय दारूबंदीच्या काळात शेकडो कारखाने बंद पडले; हा मात्र यीस्ट, माल्टचा पाक आणि मद्यार्कविरहित पेये विकून तगला. दारूबंदी आली की उद्योगांचे दिवाळे निघेल असा कंठशोष आपल्याकडील मद्यसम्राट नेहमी करीत असतात. त्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

पुढे शहराचे आणि कारखान्याचे नाते इतके जडले की एकाचे नाव घेतले की दुसरे आठवावे. १९५३ मध्ये कंपनीने शहराचा लाडका बेसबॉलचा संघ विकत घेतला. मैदानालाही बुश घराण्याचेच नाव मिळाले. बापाने ज्या कारखान्यात काम केले तेथेच मुलाने लागावे, मेजावर दुसऱ्या कंपनीची बाटली दिसली तर ती फितुरी वाटावी, असे हे प्रेम होते. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. श्रमिक माणूस आपल्या घामाच्या जागेवर जीव लावतो, ही त्याची थोरवी आहे. मात्र हे प्रेम एकतर्फी होते. याच शहरात जुलै १८७७ मध्ये रेल्वे कामगारांच्या उठावातून सार्वत्रिक संप उभा राहिला होता आणि काही दिवस शहराची सूत्रे जवळजवळ कामगारांच्या समितीच्या हाती होती. त्या परंपरेच्या शहराने पुढे मालक-घराण्याच्या दातृत्वालाच आपला हक्क समजावे, हा इतिहासाचा खेळच म्हणावा लागेल.

२००८ च्या जूनमध्ये ‘इनबेव्ह’ या कंपनीने एका शेअरला ६५ डॉलर देऊ केले. बेल्जियमची ‘इंटरब्रू’ आणि ब्राझीलची ‘अँबेव्ह’ यांच्या संयोगातून २००४ मध्ये जन्मलेली ही कंपनी; खर्चकपातीबद्दल तिची कीर्ती किंवा अपकीर्ती आधीच पसरलेली होती. शहरात खळबळ उडाली. राज्याच्या गव्हर्नरांपासून सिनेटरांपर्यंत सर्वांनी विरोध नोंदविला, हजारोंच्या सह्यांची निवेदने निघाली. संचालक मंडळानेही बाणेदारपणे नकार दिला. पण नकाराबरोबर त्याने पुढे ठेवलेली पर्यायी योजना कोणती होती? शंभर कोटी डॉलरची बचत आणि पगारी नोकरांना मुदतपूर्व निवृत्ती! म्हणजे सुरी कुणाच्या हाताने फिरवायची एवढाच वाद उरला होता. भाव ७० डॉलरवर गेला, नकार विरघळला आणि जुलैच्या मध्यास सौदा ठरला. एकूण किंमत सुमारे ५२ अब्ज डॉलर. ज्या घराण्याच्या नावाने शहर शपथा घेत होते, त्याच्याकडे तेव्हा चार टक्क्यांहूनही कमी शेअर होते. बाकीचे गुंतवणूक संस्थांकडे आणि सट्टेबाजांकडे होते. सह्या करणाऱ्या हजारो नागरिकांकडे, यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगारांकडे मालक म्हणून मत नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘परक्यांनी आपला कारखाना नेला’ हा त्या वेळचा आक्रोश समाजवाद्याला मान्य होण्यासारखा नाही. अनहॉयझर-बुश ही काही अबला नव्हती. अमेरिकेतील बिअरच्या बाजारपेठेचा जवळजवळ निम्मा हिस्सा तिने बळकावला होता, आणि मेक्सिकोतील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीत तिची निम्मी भागीदारी होती. मोठ्या माशाला त्याहून मोठ्या माशाने गिळले, एवढीच ही घटना. देशी मक्तेदार आणि परदेशी मक्तेदार यांच्या पासपोर्टांचे रंग निराळे. हिशेबाच्या वह्या सारख्याच.

हिशेबाची ती वही नोव्हेंबरात सौदा पुरा होताच उघडली. खरेदीसाठी सुमारे ४५ अब्ज डॉलर कर्जाऊ घेतले होते. ते फेडायचे कुणी? डिसेंबर २००८ मध्ये १४०० पगारी नोकरांना काढण्याची घोषणा झाली आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सेंट लुईसचे होते. मुदतपूर्व निवृत्ती घेऊन गेलेले याहून निराळे. माल पुरविणाऱ्या धंदेवाल्यांना पैसे मिळण्याची मुदत १२० दिवसांवर नेली गेली. २००९ मध्ये कंपनीची करमणुकीची उद्याने एका गुंतवणूक-संस्थेला विकली गेली. आधुनिक भांडवलशाहीची ही युक्ती कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी: खरेदीदार कर्ज काढून कारखाना घेतो, आणि ते कर्ज ज्याची खरेदी झाली त्याच कारखान्याच्या कामगारांकडून फेडून घेतो. बळीच्या बोकडालाच सुरीची किंमत द्यावयास लावण्याचा हा प्रकार आहे.

शहराने यावर सूड उगविला तो आपल्या जिभेने. १९९१ पासून तेथे ‘श्लाफ्ली’ हा एक लहान कारखाना चालत होता. मोठा कारखाना परक्या हाती जाताच स्थानिक मालकीचा सर्वांत मोठा कारखाना म्हणून मिरविण्याचा मान आपोआप त्याच्याकडे आला. २०११ मध्ये जुन्या कंपनीतूनच बाहेर पडलेल्या दोघांनी ‘अर्बन चेस्टनट’ काढला. इतरही निघाले. ‘क्राफ्ट बिअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीची मुळे मात्र याहून जुनी आहेत. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस साऱ्या अमेरिकेत बिअरचे शंभराहूनही कमी कारखाने उरले होते. सगळीकडे तीच फिकट, तीच थंडगार, कुणालाही न दुखावणारी बिअर. बडवायझरमध्ये तर सातूच्या जोडीला तांदूळही असतो. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरगुती बिअर गाळण्यावरील केंद्रीय बंदी उठली, आणि हौशी लोकांनी तळघरांत हंडे चढविले. कुणी हॉप्सची कडवट बिअर केली, कुणी भाजलेल्या सातूची काळीभोर, कुणी गव्हाची, कुणी मुद्दाम आंबविलेली. (यांतील सर्वांत लोकप्रिय प्रकाराचे नाव ‘इंडिया पेल एल’. ते इंग्रजांच्या हिंदुस्थानात जहाजांनी पाठविल्या जाणाऱ्या बिअरवरून आले. साम्राज्ये लयास जातात, त्यांची लेबले उरतात!) आज त्या देशात नऊ हजारांवर बिअर कारखाने आहेत.

या बंडाची किंमत कमी लेखू नये. सर्वांनी एकच चव घ्यावी असा मक्तेदारीचा हुकूम सामान्य माणसांनी मोडून दाखविला. केंद्रीकरण हे तंत्रज्ञानाचे अटळ फलित आहे, हा भांडवलशाहीचा आणि काही पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांचाही लाडका सिद्धान्त येथे खोटा ठरला. लहान यंत्राचा आग्रह धरणाऱ्या लोहियांच्या अनुयायांना यात समाधान वाटावे. पण समाधान मानून थांबले, की घोटाळा होतो. ग्राहकाची जीभ बंड करू शकते. ती मालकी बदलू शकत नाही.

मक्तेदारांना हे लवकरच उमगले. ज्या बंडाला हरविता येत नाही ते विकत घ्यावे, हा त्यांचा जुना मंत्र. २०११ मध्ये नव्या कंपनीने शिकागोचा ‘गूस आयलंड’ घेतला, आणि मग एकामागून एक अनेक. २०१५ च्या जानेवारीत सिॲटलच्या ‘एलिशियन’च्या खरेदीची घोषणा झाली, आणि काही दिवसांतच त्याच कंपनीने बडवायझरची एक महागडी जाहिरात दाखवून भोपळ्याची नि पीचची बिअर चाखत बसणाऱ्या शौकिनांची टर उडविली. तशा फळभाज्यांच्या बिअरसाठी एलिशियनच प्रसिद्ध होता! बाटलीवर नाव गल्लीतले, नफा लूव्हेनच्या मुख्य कचेरीत. आणि पिणारा मात्र मक्तेदारीला चपराक दिल्याच्या आनंदात. अखेर लहान कारखानदारांच्या संघटनेला २०१७ मध्ये स्वतंत्र कारखाना ओळखता यावा म्हणून उलट्या बाटलीचे चिन्ह काढावे लागले.

बरे, लहान कारखाना म्हणजे कामगारांचा स्वर्ग, असेही नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा ‘अँकर’ हा या चळवळीचा आद्य पीठ मानला जातो. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी तो बुडताना वाचविला. २०१७ मध्ये तो जपानच्या ‘सप्पोरो’कडे गेला. २०१९ मध्ये तेथील कामगारांनी गोदी कामगारांच्या झुंजार युनियनमध्ये संघटना बांधली. कारण अगदी साधे होते. ज्या शहराची ओळख ते बाटलीत भरीत होते, त्या शहरात राहणे त्यांना पगारात परवडत नव्हते. २०२३ च्या जुलैत मालकाने कारखाना मोडीत काढण्याचे जाहीर केले. तेव्हा कामगारांनी तो सहकारी तत्त्वावर स्वतः विकत घेऊन चालविण्याची तयारी दाखविली. आंबवण, यंत्रे, गिऱ्हाईक, सारे त्यांना ठाऊक होते. नव्हते ते भांडवल, आणि कामगारांना प्रथम संधी देण्यास मालकाला भाग पाडणारा कायदा. २०२४ मध्ये दह्याच्या धंद्यात अब्जाधीश झालेल्या एका उद्योगपतीने तो घेतला.

कामगारांची मालकी असती तर? कोलोरॅडोच्या ‘न्यू बेल्जियम’चे उदाहरण येथे आडवे येते, आणि ते टाळून चालणार नाही. तो कारखाना पूर्णपणे कर्मचाऱ्यांच्या मालकीचा होता. २०१९ मध्ये जपानच्या ‘किरिन’ समूहातील कंपनीने किंमत पुढे केली आणि कर्मचाऱ्यांनीच मतदान करून विक्री मान्य केली. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु ती मालकी शेअरच्या स्वरूपात, निवृत्तीच्या पुंजीच्या खात्यात ठेवलेली होती. म्हातारपणाची बेगमी आणि कारखान्याचे स्वातंत्र्य यांतून एक निवडा असे माणसाला सांगितले तर तो काय निवडेल? विकता येणारी मालकी आज ना उद्या विकली जाते, मग ती कामगाराची का असेना. महाराष्ट्रात सभासदांच्या घामातून उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने कर्जाच्या बोज्याखाली लिलावात निघाले आणि खासगी झाले, हे पाहिलेल्या वाचकाला याहून अधिक सांगावयास नको.

या साऱ्या धुमाळीत एक कारखाना मात्र ताठ उभा आहे. ज्या गावाच्या जर्मन नावावरून ‘बडवायझर’ हा शब्द आला, त्या झेक प्रजासत्ताकातील चेस्के बुडेयोविट्से येथे १८९५ मध्ये निघालेला ‘बुडवार’ कारखाना आजही राष्ट्राच्या मालकीचा आहे. अमेरिकन कंपनीशी त्याचे नावावरून शंभराहून अधिक वर्षे खटले चालू आहेत. १९८९ नंतर तेथे सरकारी उद्योगांच्या खासगीकरणाची लाट आली, अमेरिकन कंपनीनेही हात पुढे केला. पण सरकारे बदलली तरी हा कारखाना विकला गेला नाही. सरकारी कारखाना म्हटला की बेचव माल, असे मानणाऱ्यांची अडचण अशी की त्या बिअरला तज्ज्ञांच्याही लेखी मान आहे. सरकारी मालकी म्हणजे समाजवाद नव्हे, हे खरेच. पण सेंट लुईसला जे राखता आले नाही ते बुडेयोविट्सेने राखले, याचे कारण तेथील कारखाना शेअरबाजारात उभाच नव्हता.

हे सर्व दूरचे वाटत असेल तर मराठवाड्याकडे पाहावे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑस्ट्रेलियाच्या ‘फोस्टर्स’ने बिअरचा कारखाना उभारला. २००६ मध्ये कंपनीचा भारतातील धंदा लंडनस्थित ‘सॅबमिलर’कडे गेला. २०१६ च्या ऑक्टोबरात सॅबमिलरला सेंट लुईसच्याच नव्या मालकाने शंभर अब्ज डॉलरहून अधिक किमतीला गिळले. कारखाना तोच, कामगार तेच, धनी तिसरा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागत होते, आणि मद्यकारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता. सहा महिन्यांनी लंडन आणि ब्रुसेल्स येथील सभांत शेअरधारकांची मते मोजून सौदा पार पडला. ज्यांच्या धरणातले पाणी त्या हंड्यांत जात होते, त्यांना त्या मोजणीत स्थान नव्हते.