चिरफाड नको म्हणण्याआधी एवढं वाचा

पावसाळ्यात आपल्या भागात साप चावून, मोटारीचा शॉक लागून, विहिरीत पडून माणसं जातात. घरात आकांत असतो आणि कुणीतरी म्हणतं, "जीव गेला, आता चिरफाड कशाला? उरकून घ्या." पुढची अडचण इथूनच सुरू होते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५. सर्पदंश, वीज, बुडणे, फवारणीची विषबाधा यात बसते. आत्महत्या बसत नाही. मग अपघातच होता हे ठरणार कशावरून? कागदावरून.

पोस्टमार्टम सांगतं, मृत्यू कशाने झाला. कसा झाला, हे पंचनामा सांगतो. दोन्ही जुळावे लागतात.

मण्यार चावला तर सूज नसते, दातांची खूण दिसतही नाही. रात्री झोपेत चावतो, सकाळी माणूस मेलेला सापडतो. घोणस चावला तर रक्त गोठत नाही, आतल्या रक्तस्रावाच्या खुणा मिळतात. शॉकची खूण बोटावर लहानशा डागाएवढी असते, कधी तीही नसते. बुडालेल्याच्या श्वासनळीत फेस, गाळ सापडतो. आधीच मेलेला पाण्यात टाकला असेल तर चित्र वेगळं असतं. म्हणजे पोस्टमार्टममुळे घातपातही उघडा पडतो.

विषाचा संशय असला की डॉक्टर जठर, यकृत, मूत्रपिंडाचे भाग राखून ठेवतात. हाच व्हिसेरा. तो न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला वेळ लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी, मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी औषधाचा डबा, पंप, अंगावरचे कपडे धुऊ नका, फेकू नका. पंचनाम्यात दाखवा.

कालव्यात बेवारस मृतदेह सापडला तर गोंदण, दात, जुनी मोडलेली हाडं, बोटांचे ठसे यावरून ओळख पटते. चेहरा राहिला नसेल तर आई-वडील किंवा मुलांच्या रक्ताशी डीएनए जुळवतात. म्हणून घरचं माणूस हरवलं तर तक्रार त्याच दिवशी द्या. तक्रारच नसेल तर पोलीस जुळवणार कुणाशी?

दोष फक्त घरच्यांचा नाही. संध्याकाळी मृतदेह आला की सकाळपर्यंत थांबवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सोय असलेल्या दवाखान्यांत सूर्यास्तानंतरही पोस्टमार्टमला परवानगी दिली. खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू वगळून. पण तालुक्याला पुरेसा उजेड नाही, माणूसबळ नाही, तर परवानगीचा उपयोग काय? रात्रभर ताटकळलेले नातेवाईक वैतागून "नकोच" म्हणतात.

तेव्हा आधी पोलीस पाटलांना कळवा, अकस्मात मृत्यूची नोंद करा, पोस्टमार्टम अहवालाची प्रत मागा. ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. गेलेला माणूस परत येत नाही, पण मागे राहिलेल्या लेकरांचा हक्क तरी बुडू नये.