उत्तरपत्रिका कोणी तपासली?

गेल्या पंधरवड्यात अंबाडी नाक्यावरील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आपल्या मातोश्रींना घेऊन आले. आजींना अल्झायमर आहे. मुलाने मोबाइलवरील चित्रफीत दाखवली आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, प्रथिनांचे कोडे संगणकाने सोडवले, त्याला नोबेलही मिळाले. आता औषध येणारच. मग ही डोनेपेझिलची गोळी कशाला चालू ठेवायची?" आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे संदेश येत असतील, म्हणून हे सविस्तर लिहितो.

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. ती विशिष्ट तऱ्हेने दुमडली, की तिला आकार येतो आणि त्या आकारावर तिचे कार्य ठरते. क्ष-किरणांच्या साह्याने हा आकार प्रयोगशाळेत शोधायला कधी कधी वर्षे लागतात. म्हणून साखळीवरून आकार ओळखण्याचे काम संगणकावर सोपविण्याचे प्रयत्न झाले. परंतु ओळखलेला आकार बरोबर की चूक, हे ठरवायचे कोणी?

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. पुणे विद्यापीठातील डॉ. अशोक कोळस्कर आणि डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी १९९९ साली जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनाचा आकार संगणकाद्वारे वर्तविला. गोचिडीमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूतील तशाच प्रथिनाचा आकार १९९५ मध्ये उजेडात आला होता. त्या नात्याचा आधार त्यांनी घेतला. भावाच्या चेहऱ्यावरून बहिणीचा अंदाज बांधावा, तसेच हे. प्रतिपिंडे त्या प्रथिनाला कोठे चिकटतील, याचाही अंदाज त्यांनी मांडला. अमेरिकेतील संशोधकांनी त्या प्रथिनाचा प्रत्यक्ष आकार प्रसिद्ध केला तो २०१२ साली. म्हणजे अंदाज पडताळायला मूळ वस्तू हाती येईपर्यंत तेरा वर्षे गेली!

एवढी वाट पाहावी लागू नये आणि उत्तर आधीच ठाऊक असल्याची शंकाही राहू नये, यासाठी जॉन मोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक परीक्षा सुरू केली. तिचे नाव 'कॅस्प'. ज्या प्रथिनांचा आकार प्रयोगशाळेत सापडला आहे किंवा सापडण्याच्या बेतात आहे, पण अद्याप जाहीर झालेला नाही, त्यांची केवळ साखळी स्पर्धकांना दिली जाते. उत्तरे जमा झाल्यावर त्रयस्थ परीक्षक ती प्रत्यक्ष आकाराशी ताडून शंभरपैकी गुण देतात. नव्वदच्या आसपास गुण म्हणजे जवळपास प्रयोगाच्या तोडीचे उत्तर. २०२० मध्ये 'अल्फाफोल्ड'च्या दुसऱ्या आवृत्तीचा मध्यगुण ९२.४ आला, सर्वांत अवघड गटात मात्र ८७. तिच्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना.

हे यश खरे आहे, कारण पेपर फुटलेला नव्हता आणि तपासणारा दुसरा होता. (आम्हा डॉक्टरांचीही अशी परीक्षा व्हावी. सीटी स्कॅनचा अहवाल येण्यापूर्वी मी माझे निदान कागदावर लिहून ठेवू लागलो, तेव्हा माझा आत्मविश्वास बराच जमिनीवर आला.)

पण परीक्षा कोणत्या विषयाची होती, हेही पाहावे. ती आकाराची होती, औषधाची नव्हे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे बीटा-अमायलॉइड मोकळे असताना एका ठरावीक आकारात स्थिर राहत नाही. नंतर त्याचे अनेक रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात. स्थिर आकार ओळखण्यात पटाईत असलेली पद्धत अशा ठिकाणी अडखळते. ही प्रणाली उत्तराच्या प्रत्येक भागाबरोबर स्वतःच्या खात्रीचा आकडाही देते आणि असा आकारहीन भाग आला की तो आकडा बहुधा खाली येतो. चित्रफितीत तो आकडा कोणी दाखवत नाही. शिवाय आकार कळल्यानंतरही रेणू शोधणे, प्राण्यांवर व मग माणसांवर चाचण्या घेणे, यांत वर्षे जातात. बहुतेक रेणू त्यातच गळतात.

हे सर्व त्या मुलाला सांगितले. डोनेपेझिल आजार बरा करत नाही, हे त्याचे म्हणणे योग्यच होते. तथापि काहींची स्मृती व दैनंदिन व्यवहार त्यामुळे काही काळ सावरतात आणि गोळी परस्पर थांबवल्यास प्रकृती ढासळू शकते. आजी आता स्वतःच्या हाताने जेवतात, सहा महिन्यांपूर्वी भरवावे लागत होते, असे सूनबाईंनी सांगितले. नाडी मोजली, ती मंदावलेली नव्हती. भूक व वजन ठीक होते. गोळी चालू ठेवली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावले आहे.