टॉवर नको, पण रेंज हवी

वस्तीत मोबाइलचा टॉवर येणार अशी कुणकुण लागली की विरोधाचा अर्ज तयार होतो. त्यात कॅन्सर असतो, पोरांच्या मेंदूवरचा परिणाम असतो, नाहीशा झालेल्या चिमण्याही असतात. सह्या करणाऱ्यांतलेच काही जण रेंज मिळेना म्हणून गच्चीवर जातात आणि फोन कानाला गच्च दाबून मोठ्याने बोलतात. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. या विरोधामागची काळजी खरी आहे, पण तिची दिशा चुकली आहे, असं मला वाटतं.

आधी आकडे पाहू. फोनच्या रेडिओलहरी एक्स-रेसारख्या पेशींतले रासायनिक बंध तोडण्याइतक्या ताकदीच्या नसतात. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. ही ऊर्जा शरीर किती शोषतं, याच्या मोजमापाला एसएआर म्हणतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा कडक केली: शरीराच्या कोणत्याही १ ग्रॅम भागात, किलोमागे सरासरी १.६ वॅट. बहुतेक फोनवर *#०७# डायल केलं की आपल्या फोनचा आकडा दिसतो. मात्र तो फोन पूर्ण ताकदीने लहरी सोडत असताना प्रयोगशाळेत मोजलेला असतो. त्यामुळे कमी आकड्याचा फोन रोजच्या वापरातही सौम्यच असेल, असं नाही. तिथे रेंज निर्णायक ठरते.

खरी गोम इथेच आहे. टॉवरपर्यंत पोहोचायला लागेल तेवढीच ताकद फोन लावतो. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, लांब असेल तर ओरडतो. जुना २जी फोन २ वॅटपर्यंत जातो, ४जी फोन साधारण ०.२ वॅटपर्यंत. चांगल्या रेंजमध्ये फोन याच्या कितीतरी पट कमी ताकदीवर चालतो. टॉवरची ताकद जास्त असते हे खरं, पण अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता एक चतुर्थांश होते. टॉवर लांब असतो, फोन कानाला चिकटलेला असतो. भूम-वाशीकडच्या बालाघाटाच्या डोंगराळ भागात टॉवर गावापासून दूर ढकलला, तर डोक्याजवळचा फोनच जास्त जोर लावणार.

टॉवरलाही मोकळं रान नाही. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला ९ वॅट होती. २०१२ मध्ये भारताने ती ०.९ वर आणली. २०१७ पासून 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. म्हणजे संशय असेल तर तो तपासायची सोय आहे.

आणि कॅन्सर? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे त्याच गटात गेला. त्याचा अर्थ पुरावा अपुरा, पण दुर्लक्ष करू नका, एवढाच. २०२४ मध्ये याच संघटनेसाठी झालेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइलच्या वापराशी मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसला नाही. अभिनेत्री जुही चावला २०२१ मध्ये ५जीविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दावा फेटाळला गेला, २० लाखांचा भुर्दंड बसला. पुढे तो २ लाखांवर आला. पण तो दावा मुख्यतः कायदेशीर त्रुटींवर पडला. विज्ञानाचा निकाल ना कोर्टात लागतो, ना व्हॉट्सअॅपवर. तो मोजमापातून लागतो.

या भीतीची किंमत कोण मोजतं, हेही पाहायला हवं. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी येईना म्हणून मुलगी सायबर कॅफेच्या चकरा मारते. रेशनची केवायसी अडकली की खालाला दिवसाची मजुरी बुडवून तालुका गाठावा लागतो. आणि 'रेडिएशन असतं' हे कारण सांगून घरातला फोन आधी काढून घेतला जातो तो बहिणीकडून, भावाकडून नाही. विज्ञानाच्या नावाखाली असला भेदभाव खपवून घेऊ नका.

काळजी घ्यायचीच तर ती सोपी आहे. लांबलचक बोलणं स्पीकरवर किंवा वायरच्या इयरफोनवर करा. रेंज एका काडीवर असेल तेव्हा बोलणं आटोपतं घ्या, किंवा मेसेज पाठवा. झोपताना फोन उशीखाली नको. तापलेली बॅटरी आणि मोडलेली झोप एवढी कारणं पुरेत. रेडिएशन शोषणारं म्हणून विकलं जाणारं स्टिकर घेऊ नका. ते खरंच लहरी अडवू लागलं, तर फोन आणखी जोर लावेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हेल्मेटमध्ये किंवा स्कार्फमध्ये फोन खोचून गाडी चालवणं आजच थांबवा. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग, उमरग्याजवळ मागून येणारा ट्रक तुमचा एसएआर विचारत नाही.

पुढच्या वेळी अर्ज सहीसाठी समोर आला, तर एकच विचारा: मोजणी केली का? नसेल, तर आधी ती मागणारा अर्ज करा. त्यावर पहिली सही तुमची असू द्या.