वाईट वाजवायलाही जागा लागते

आज राजकारण नाही. म्हणजे, शेवटी थोडं आहेच.

४४व्या वर्षी गिटार घेतली, ती 'यादों की बारात' (१९७३) मधल्या 'चुरा लिया है तुमने'साठी. सुरुवातीचा तो काचेच्या ग्लासचा आवाज, आणि भूपिंदर सिंग यांची गिटार. शाळेत असताना गावातल्या टपरीवर रेडिओवर ऐकली, तेव्हापासून डोक्यात बसलीय. वाटलं, एवढं एक आलं की बास.

दीड वर्ष झालं. नाही येत.

आधी बोटांना घट्टे पडले. मग बार कॉर्ड आडवा आला. तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची. माझ्या दोन तारा हमखास मुक्या. हे सरावानं सुटेल. पण आशाताईंची चाल वाजवायला गेलो तर वेगळीच भिंत. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, गिटारला पडदे असतात, त्यामुळे सूर पायऱ्या उतरल्यासारखा येतो. तार ओढून मींड निघते, पण थोडीच. ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर दांडी सरकवली, १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ऐका. त्यांनी वाद्याची मर्यादा ओलांडली. मला माझी मान्य करावी लागते. रात्री बातम्या पाठवून घरी आलो की वीस मिनिटं मिळतात, तीही हळू आवाजात.

हळू, कारण राहतो सदाशिव पेठेत. वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर एमपीएससीची पोरं. एकदा रात्री दार वाजलं. वरचाच मुलगा. म्हटलं, आला तक्रार घेऊन. "सॉरी रे, बंद करतो."

"नाही काका, दोन मिनिटं मी वाजवू का? माझी गिटार गावाकडंच ठेवलीय. रूमवर काढली तर बाकीच्यांचा अभ्यास मोडतो."

दहा मिनिटं वाजवली. माझ्यापेक्षा बरी, तरी चुकतच. जाताना चेहरा मात्र मोकळा झालेला.

आता मुद्दा. या शहरात गाणं ऐकायची सोय आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आहे. शिकायची सोय आहे. भारत गायन समाज १९११ चा. पेठेत अभ्यासिका तर गल्लोगल्ली. पण ज्याला परीक्षा द्यायची नाही, स्टेजवर जायचं नाही, नुसतं चुकत चुकत वाजवायचंय, त्यानं बसायचं कुठं?

कुणी म्हणेल, रस्ते-पाणी सोडून हे काय काढलं? बरोबर आहे, पण यासाठी नवी इमारत नकोच. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी बंद असतात. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास, एक खोली उघडा. नाव नोंदवायचं, दिव्याच्या बिलापुरते पैसे भरायचे, आपापलं वाद्य घेऊन बसायचं.

राज्यसेवेला अर्ज लाखांत येतात, जागा शेकड्यांत असतात. म्हणजे बहुतेक पोरं रिकाम्या हातानं परतणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्यांच्या आयुष्यात निकाल न लागणारी एक तरी गोष्ट असावी, एवढंच म्हणणं.

मला ते गाणं पुरतं येईल असं वाटत नाही. तरी रोज वीस मिनिटं बसतो. नगरसेवक भेटले तर खोलीचं तेवढं तुम्हीही कानावर घाला.